पाठमोरी माणसं

शाळेच्या स्नेहसंमेलनाचा विषय निघाला की मैत्रिणींना रंगमंच आठवतो, मला चित्रकलेचा वर्ग. संमेलनाआधी आठवडाभर तिथले बाक बाहेर निघायचे, भिंती रिकाम्या व्हायच्या आणि आमच्या चित्रकलेच्या बाई एकच विषय घेऊन प्रदर्शन मांडायला बसायच्या. एका वर्षी कष्ट, एका वर्षी युद्ध, मग भूक, मग घर सोडून जाणं. जगातल्या कुणा चित्रकारानं तो विषय कसा पाहिला, ते आधी हातानं गिरवायचं. आमची स्वतःची चित्रं त्यानंतर.

बाईंची अट एकच होती. चित्र समोर आलं की पहिली पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. चित्रकाराचं नाव, साल, देश, सगळं नंतर.

कष्टांच्या वर्षी आम्ही सातवीत होतो. फ्रान्सच्या गुस्ताव कूर्बेनं १८४९ मध्ये रंगवलेलं, खडी फोडणाऱ्या दोघांचं चित्र. म्हातारा गुडघा टेकून हातोडा उगारतो आहे, पोरगा दगडांची पाटी पेलतो आहे. म्हाताऱ्याचं तोंड टोपीच्या सावलीत, पोरगा तर पाठमोराच. पाच मिनिटं झाल्यावर बाईंनी विचारलं, "चेहरे का दाखवले नसतील?" एक जण म्हणाला, काढायला अवघड म्हणून. बाई रागावल्या नाहीत. त्यालाच त्यांनी वह्यांनी भरलेली पाटी गुडघ्यावर पेलून तसं वाकून उभं केलं आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "आता मान वळवून आमच्याकडे बघ बरं." तो म्हणाला, "बाई, पाटी पडेल." मग कुणालाच काही विचारावं लागलं नाही.

त्या काळी एवढा मोठा, अडीच मीटरहून रुंद कॅनव्हास म्हणजे देवादिकांचा, राजांचा, लढायांचा मान. तो खडी फोडणाऱ्यांना दिला म्हणून लोक बिथरले होते, हे बाईंनी त्यानंतर सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४५ मध्ये ते चित्र नष्ट झालं, हेही.

युद्धाच्या वर्षी पिकासोचं 'गेर्निका' होतं, बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या स्पेनमधल्या गावाचं चित्र. एवढं मोठं चित्र लावायला भिंत पुरेना, म्हणून सभागृहाच्या फरशीवर खडूनं त्याची चौकट आखली, साडेतीन मीटर बाय पावणेआठ मीटर. प्रदर्शनाला आलेली माणसं त्या रेषेपाशी येऊन आपोआप थांबायची.

भुकेच्या वर्षाबद्दल मी फार लिहू शकत नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात चित्रकार चित्तप्रसाद गावोगाव फिरले, काळ्या शाईनं माणसं रेखाटली आणि कित्येकांची नावंही लिहून ठेवली. त्यांची पुस्तिका इंग्रज सरकारनं जप्त करून जाळली. बाईंनी त्या भिंतीवर मधोमध एक रिकामी चौकट टांगली होती. कुणी विचारलं की ती कशासाठी, ते पाचवीची मुलं सांगायची, हळू आवाजात.

पण मनात सगळ्यात जास्त राहिलं ते आमचं शाळेतलं शेवटचं संमेलन. जेकब लॉरेन्सची स्थलांतराची मालिका! अमेरिकेच्या दक्षिणेतून लाखो कृष्णवर्णीय माणसं उत्तरेच्या शहरांकडे निघाली, त्यांची साठ चित्रं त्यानं १९४१ मध्ये पूर्ण केली, वयाच्या तेविसाव्या वर्षी. चित्रांच्या साठही फळ्या एकदम मांडून तो एकेक रंग सगळ्यांवर लावत गेला, आधी काळा, मग हळूहळू उजळ. आम्हीही तसंच केलं. साठ कागद जमिनीवर, साठ मुलं, आणि एका वेळी एकच रंग. हातातला कागद माझा की शेजारच्याचा, हे तीन दिवस कुणाला कळत नव्हतं. मालिकेतले विषम क्रमांक वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आणि सम न्यूयॉर्कच्या, म्हणून बाईंनीही दोन वर्गांत वाटणी केली. एका खोलीत फलाटावरची गर्दी बघायची आणि पुढचं काय झालं ते कळायला व्हरांडा ओलांडून धावत दुसऱ्या खोलीत. आईवडीलही धावले. या धावण्यातच माणसं दुरावणं म्हणजे काय ते मला पहिल्यांदा जाणवलं. त्याआधी तो इतिहासाच्या पुस्तकातला एक परिच्छेद होता.

माझ्या वाट्याला अठ्ठावन्नावं चित्र आलं होतं. तीन मुली फळ्यावर आकडे लिहिताहेत, हात उंचावून, आपल्याकडे पाठ करून. प्रदर्शन उतरवताना बाई माझ्या कागदापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "सातवीतला तो पोरगा आठवतो? तोही पाठमोराच होता."

मी म्हटलं, "हो बाई. पण यांना मान वळवता येईल."

बाईंनी काही उत्तर दिलं नाही. टाचण्या काढल्या, कागद गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. तो अजून माझ्याकडे आहे, कडा पिवळ्या पडल्यात, मधल्या मुलीच्या फ्रॉकवरचा रंग थोडा उडालाय.