ग्लासगोतला ख्रिस्त आणि आविलातलं काडेपेटीएवढं चित्र

स्कॉटलंडमध्ये एडिंबराहून गाडी तासाभरात ग्लासगो क्वीन स्ट्रीटला सोडते. शेजारच्या बुकॅनन स्ट्रीटवरून भुयारी रेल्वेची 'इनर सर्कल' गाडी घ्या, पाचवं स्टेशन केल्विनहॉल. तिथून केल्विनग्रोव्ह संग्रहालय पाचेक मिनिटं चालत. तिकीट नाही. बाकीच्या ग्लासगोबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन, आज फक्त स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीचं क्रूसावरच्या ख्रिस्ताचं चित्र, 'क्राइस्ट ऑफ सेंट जॉन ऑफ द क्रॉस'.

1951 सालचं हे तैलचित्र 205 बाय 116 सेंटिमीटर आहे, म्हणजे घराच्या दाराहून थोडं रुंद. लोक येतात, फोटो काढतात, "वरून दाखवलाय, काय डोकं आहे!" म्हणतात आणि पुढे जातात. मला याचंच वाईट वाटतं, कारण ते डोकं आधी दुसऱ्याचं होतं. सोळाव्या शतकातला कार्मेलाइट या ख्रिस्ती पंथाचा साधू आणि कवी सान हुआन दे ला क्रुस (इंग्रजीत 'सेंट जॉन ऑफ द क्रॉस') 1572 ते 1577 या काळात स्पेनमधल्या आविलाच्या एन्कार्नासिओन मठाशी जोडलेला होता. तिथे त्याने वरून आणि बाजूने दिसणारा क्रूस रेखाटला. जेमतेम 57 बाय 47 मिलिमीटरचा तो कागद आजही त्या मठात जपलेला आहे. नाव त्या साधूचं का, हे इथे कळतं.

दालीने कोन घेतला, पण वेदना वगळली. साधूच्या रेखाटनात हात ओढले गेलेत, खिळे ठसठशीत आहेत. दालीकडे खिळे नाहीत, रक्त नाही, काट्यांचा मुकुट नाही. पसरलेल्या हातांचा त्रिकोण आणि त्यात डोक्याचा गोल, इतकी रेखीव मांडणी. चेहरा दिसतच नाही. दिसतात आखूड केस, मान आणि खांदे. त्यांत भार खरा वाटतो, कारण दालीने रसेल सॉन्डर्स या हॉलिवूडच्या स्टंटमनला वरून टांगून शरीर कसं ओढलं जातं ते पाहिलं होतं.

चित्र पाहायची एक पद्धत सांगतो. चारेक मीटर मागे उभे राहा आणि तळहाताने खालचा भाग झाका. वर फक्त काळोख आणि त्यात तरंगणारा क्रूस उरतो. आता हात काढा. खाली पोर्त यिगातचा उपसागर, दालीच्या घरासमोरचा, ढग आणि होडी, आणि हे सगळं समोरून, किनाऱ्यावर उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून. वर एक क्षितिज, खाली दुसरं. जवळ उभं राहिलं की नजर होडीत अडकते आणि ही गाठ सुटतच नाही, म्हणून आधी मागे आणि मग पुढे.

पुढे गेल्यावर किनाऱ्यावरचे कोळी पाहा. तेही उसने आहेत: त्यांच्यामागे सतराव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकार ल नेनचं चित्र आहे आणि स्पॅनिश चित्रकार वेलास्केसने 'ब्रेडाची शरणागती' या चित्रासाठी केलेलं रेखाटन आहे. दालीने ही उधारी लपवली नाही, हे मला फार आवडतं.

1952 मध्ये ग्लासगोने हे 8,200 पौंडांना, कॉपीराइटसकट घेतलं, तेव्हा इथल्या कलाविद्यार्थ्यांनी विरोध केला होता. त्यांना तो पैसा स्थानिक चित्रकारांसाठी हवा होता. 1961 मध्ये एका माणसाने कॅनव्हास फाडला. दुरुस्ती इतकी बारीक की शोधूनही सापडणं कठीण. एक सूचना मात्र गंभीरपणे घ्या: चित्र अधूनमधून उसनं बाहेर जातं (2017-18 मध्ये ते लंडनच्या रॉयल अकॅडमीत होतं), तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधी संग्रहालयाला विचारा.

निघण्याआधी क्रूसाच्या अगदी वरच्या टोकाकडे बघा. तिथे एक कागद लावलेला आहे. घड्या घालून उघडलेला, घड्यांच्या रेघांवर सावली पडलेली. बाकीच्या चित्रकारांनी तिथे येशूच्या नावाची 'INRI' ही लॅटिन अक्षरं लिहिली असती. दालीने कागद कोराच ठेवला.