पिशवी पुढे कुठे जाते? : छोट्या रुग्णालयातल्या बायोमेडिकल कचऱ्याचा माझा अनुभव

इंदुरातल्या वीस खाटांच्या एका नर्सिंग होममध्ये बायोमेडिकल कचऱ्याचे काम माझ्याकडे आहे. 2016च्या बायोमेडिकल कचरा नियमांप्रमाणे तीस किंवा त्याहून जास्त खाटा असतील तर या कामासाठी समिती नेमावी लागते. कमी असतील तर एक जाणकार माणूस नेमला की चालते. परवानगीपासून वार्षिक अहवालापर्यंत काय काय करावे लागले आणि गाडे कुठे अडते, ते इथे लिहितो आहे. नवे रुग्णालय किंवा पॅथॉलॉजी लॅब सुरू करणाऱ्यांच्या कामी यावे.

आधी कागदपत्रे. पहिला कागद म्हणजे सामाईक प्रक्रिया केंद्राबरोबरचा, म्हणजे अनेक रुग्णालयांचा कचरा एकत्र घेऊन जाळणाऱ्या-निर्जंतुक करणाऱ्या केंद्राबरोबरचा, करार. 75 किलोमीटरच्या आत असे केंद्र असेल तर रुग्णालयाला स्वतःची भट्टी उभारता येत नाही, कचरा केंद्रालाच द्यावा लागतो. करार हातात आला की मध्य प्रदेश प्रदूषण नियंत्रण बोर्डाकडे परवानगीचा अर्ज, म्हणजे फॉर्म 2, भरायचा. त्यात खाटांची संख्या, जागेचे अक्षांश-रेखांश आणि प्रत्येक प्रकारचा कचरा रोज किती किलो निघतो ते विचारतात. हा किलोचा रकाना बरेच जण अंदाजाने भरतात आणि पुढे तोच नडतो. परवानगी फॉर्म 3मध्ये येते, आणि तिच्यात प्रमाण लिहिलेले असते. वर्षअखेरीस प्रत्यक्ष वजन त्याच्या दुप्पट निघाले तर खुलासा करत बसावे लागते. म्हणून रुग्णालय चालू असेल तर अर्जाआधी निदान महिनाभर रोज वजन करा. नवे असेल तर तेवढ्याच खाटांच्या आणि त्याच प्रकारच्या रुग्णालयाची वही मागून पाहा. प्रसूतिगृह आणि डोळ्यांचे रुग्णालय यांची तुलना करून उपयोग नाही. नाळ-वार आणि रक्ताळलेले कापड यांनी प्रसूतिगृहाची पिवळी पिशवी जड होते.

खाटा असलेल्या रुग्णालयाची ही परवानगी पाणी आणि हवा प्रदूषणाच्या कायद्यांखाली बोर्ड देते त्या संमतीच्या मुदतीशी जोडलेली असते. संमती संपली आणि लक्षात राहिले नाही, तर दोन्ही एकदमच संपतात. सीएमएचओ (जिल्ह्याचे मुख्य आरोग्य अधिकारी) यांच्या कार्यालयात 1973च्या राज्य कायद्याखाली नर्सिंग होमची नोंदणी करताना हीच परवानगी मागतात, त्यामुळे साखळीतला एक कागद लटकला की सगळेच लटकते. खाटा नसलेले दवाखाने आणि लॅब यांचे सोपे आहे: त्यांना परवानगी एकदाच घ्यायची असते, आणि पूर्ण भरलेला अर्ज मिळाल्यापासून 90 दिवसांत बोर्डाने हरकत घेतली नाही तर ती मिळाली असे धरले जाते. पोचपावती मात्र जपून ठेवा.

कागदांचे एवढेच. खरे काम रुग्णाच्या खाटेशेजारी आहे.

सुरुवातीला मीही रंगांचा तक्ता भिंतीवर लावला आणि सिस्टर, आयाबाई, वॉर्डबॉय यांच्याकडून पाठ करून घेतला. पाठांतर दोन आठवडे टिकले. नंतर शिकवण्याची पद्धत बदलली: रंग सांगायचा नाही, ती पिशवी पुढे कुठे जाते ते सांगायचे. पिवळी आगीत जाते. लाल वाफेत जाते, मग तिच्यातल्या वस्तूंचे तुकडे करून ते प्लास्टिकच्या पुनर्वापराला जातात. पांढऱ्या डब्यातल्या सुया-पाती निर्जंतुक करून तोडतात आणि ते धातू म्हणून जातात. निळ्यातली काच निर्जंतुक होऊन काच कारखान्याकडे वळते. आता प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच प्रश्न विचारायचा: हिला जाळायचे की उकडायचे?

रक्ताचा कापूस, बँडेज, प्लास्टर, शरीराचे अवयव, वार, रक्ताची पिशवी, वापरलेला मास्क आणि गाऊन, मुदत संपलेली औषधे ही आगीत. सलाइनचा सेट, कॅथेटर, लघवीची पिशवी, हातमोजे, सुई काढलेली सिरिंज ही वाफेत. औषधांच्या काचेच्या छोट्या कुप्या, म्हणजे अँप्यूल आणि व्हायल, निळ्यात. सुई, ब्लेड, स्काल्पेल पांढऱ्यात. इन्सुलिनच्या सिरिंजची सुई निघत नाही, ती अख्खी पांढऱ्या डब्यात टाकायची. लाल पिशवीत गेलेली एक इन्सुलिन सिरिंज पुढे कोणाच्या तरी तळहातात घुसते. कर्करोगाच्या औषधांची व्हायल मात्र काचेची असली तरी निळ्यात नाही. ती सायटोटॉक्सिक (पेशींना मारक) खुणेच्या पिवळ्या पिशवीत जाते, आणि तो कचरा 1200 अंशांवर जाळावा लागतो.

प्लास्टिक पिवळ्या पिशवीत का नको, हे लोकांना एकदा समजावून सांगितले की विसरत नाहीत. भट्टीच्या दुसऱ्या कक्षात 1050 अंशांच्या आसपास तापमान आणि दोन सेकंद वायू थांबणे आवश्यक असते. पीव्हीसीसारखे क्लोरीन असलेले प्लास्टिक आत गेले की आम्ल वायू तयार होतो, आणि ज्वलन बिघडले तर डायॉक्सिन आणि फ्युरान तयार होतात. धुराड्यातल्या या दोन विषांची मर्यादा घनमीटरला 0.1 नॅनोग्रॅम इतकी कडक आहे. त्याच कारणाने पिशव्याही क्लोरीनविरहित प्लास्टिकच्याच घ्याव्या लागतात. स्वस्त पिशवी घेतली की नियम तुटतो, शिवाय ओला कापूस भरल्यावर ती तळातून फाटते.

उलट बाजूने होणारी चूक अन्नाची. नातेवाईक सकाळी पोहे-जलेबी आणतात, आणि पुडक्याचा कागद हाताला सगळ्यात जवळ असलेल्या डब्यात जातो. तो डबा पिवळा असेल तर साधा कचरा संसर्गजन्य होतो आणि त्याचे जाळण्याचे पैसे आपण भरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रुग्णालयाच्या कचऱ्यापैकी साधारण 85 टक्के साधाच असतो. नुसत्या सूचनांनी काही होत नाही; डब्यांची जागा बदलली तेव्हा फरक पडला. पिवळा आणि लाल डबा ड्रेसिंग ट्रॉलीशेजारी, सिस्टरच्या हाताशी. साध्या कचऱ्याचे डबे खाटेजवळ, ओला वेगळा आणि सुका वेगळा. सिरिंजचे वेष्टन, औषधाचे खोके, जेवणाचे उरलेले हे सगळे नगर निगमच्या गाडीत. इंदुरात गाडीवरचे सफाई मित्र मिसळलेला कचरा घेत नाहीत, ही शिस्त रुग्णालयालाही उपयोगी पडते.

चुकलेली वस्तू कोणीही पिशवीत हात घालून काढायची नाही, हा आमचा सगळ्यात कडक नियम. ज्याला चूक दिसली त्याने पिशवी बंद करून वहीत वॉर्ड आणि पाळी लिहायची. दंड नाही, पण त्या पाळीच्या लोकांना त्याच दिवशी खाटेपाशी उभे करून पुन्हा दाखवायचे. मागचा माणूस निवडून घेईल या भरवशावर चालणारे रुग्णालय ती सुई मागच्या माणसाच्याच हातात देते.

सुईचे टोपण परत लावायचे नाही. इंजेक्शन देताच हब कटरमध्ये सुई बुडासकट कापायची. नुसती सुई जाळणाऱ्या यंत्रापेक्षा हे बरे, कारण बूडच कापले गेल्यामुळे सिरिंज पुन्हा वापरता येत नाही आणि कबाड्याच्या हाती पडली तरी कोणाच्या उपयोगाची नसते. पांढरा डबा न टोचणारा, न गळणारा आणि एकदा बंद केला की न उघडणारा हवा. तीन चतुर्थांश भरला की बंद. पिशव्यांनाही तेच माप. गळ्यापर्यंत भरलेली पिशवी बांधताना हवा तोंडावर येते आणि गाठ सुटते.

हायपोक्लोराइटचा, म्हणजे जंतू मारणाऱ्या क्लोरीनच्या द्रावणाचा, विषय थोडा सविस्तर, कारण यात बेफिकिरी फार. नियमांत 1 ते 2 टक्के द्रावण आहे. बाजारात बहुधा 5 टक्क्यांचा कॅन मिळतो. 1 टक्का करायचा तर 200 मिलिलिटर कॅनमधले आणि 800 मिलिलिटर पाणी. कॅनवर 10 टक्के लिहिले असेल तर 100 आणि 900. लेबल न वाचता 'एक झाकण बादलीत' हे चालत नाही. वस्तू निदान 20 मिनिटे पूर्ण बुडायला हवी. ऊन आणि उष्णतेने क्लोरीन उडून जातो. मे महिन्यात खिडकीत ठेवलेला अर्धा कॅन नुसता वास देतो, काम करत नाही. म्हणून कॅन अंधारात, द्रावण रोज नवे, बादलीवर तयार केल्याची वेळ. रक्त-पू जास्त पडले की क्लोरीन त्यातच खर्ची पडतो, तेव्हा द्रावण मध्येच बदलायचे. ॲसिड किंवा अमोनियाच्या क्लीनरबरोबर कधी मिसळायचे नाही, विषारी वायू निघतो. आणि हायपोक्लोराइटमध्ये भिजवलेले काही ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) घालायचे नाही.

लॅबच्या कल्चर प्लेट (जंतू वाढवलेल्या थाळ्या) आणि नमुने पिशवीत टाकण्याआधी जागेवरच निर्जंतुक करावे लागतात. आमच्याकडे 121 अंश, 15 पौंड दाब, 60 मिनिटे. ही 60 मिनिटे दाब चढल्यापासून मोजायची, बटण दाबल्यापासून नव्हे. गच्च भरलेल्या भांड्यात वाफ मधोमध पोचत नाही, रंग बदलणारी पट्टी मात्र बाहेरून बदललेली दिसते. म्हणून पट्टी भाराच्या मधोमध ठेवा. खात्रीची चाचणी जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णतेला सहज न मरणाऱ्या जिवाणूच्या बीजाणूंची: ते मेले तर निर्जंतुकीकरण झाले. तिची नोंद वहीत असायलाच हवी.

साठवणीच्या खोलीला कुलूप, हवेसाठी जाळी आणि धुता येईल अशी फरशी हवी, पाण्याचा निचरा आपल्या सांडपाणी प्रक्रियेकडे. पिवळा कचरा 48 तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. एरवी गाडी रोज येते, पण इंदूरचे काही दिवस आधीच कॅलेंडरवर लाल करून ठेवावे लागतात. रंगपंचमीला राजवाड्याच्या भागात गेर (रंग उधळत जाणारी मिरवणूक) निघते आणि रस्ते बंद होतात. अनंत चतुर्दशीला झांक्यांची, म्हणजे देखाव्यांची, मिरवणूक निघते त्या रात्रीही तसेच. आदल्या दिवशी संध्याकाळी जादा फेरी ठरवून घ्यायची. तरीही 48 तास उलटणार असतील तर काळजी घेऊन बोर्डाला कारणासह कळवायचे असते. न कळवता ठेवणे हा उल्लंघनाचा भाग.

प्रत्येक पिशवीवर बारकोड लागतो. रिकाम्या कोरड्या पिशवीवर आधी चिकटवा, भरल्यावर ओल्या हाताने चिकटवलेला सुटतो. गाडी आली की आपल्या काट्यावर वजन, मग त्यांच्या काट्यावर, दोन्ही आकडे वहीत आणि सही. दोन्हींत फरक रोज एकाच दिशेने येत असेल तर एक काटा चुकतो आहे. प्रमाणित वजन ठेवून तपासा. पिवळ्याचे वजन अचानक वाढले तर आधी वॉर्डात जाऊन डब्यांच्या जागा पाहा. निळा बरेच दिवस रिकामा असेल तर अँप्यूल कुठे जात आहेत ते शोधा.

सुई टोचली तर जखम साबण-पाण्याने धुवायची. पिळायची नाही, तोंडात घालायची नाही. एचआयव्हीविरोधी औषध शक्यतो दोन तासांत, 72 तासांनंतर उपयोग नाही. ते 28 दिवस घ्यायचे. त्यामुळे औषध कुठे मिळते तो पत्ता आणि रात्रपाळीचा फोन खोलीत लिहिलेला असला पाहिजे. कर्मचाऱ्यांचे हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताचे लसीकरण, वर्षातून एकदा तपासणी आणि प्रशिक्षण हे नियमातच आहे. कंत्राटावरची आयाबाई यातून सुटते, तिलाच सगळ्यात जास्त गरज असते.

मोठा अपघात झाला तर फॉर्म 1, बाकीचे टोचण्याचे प्रकार वार्षिक अहवालात. तो फॉर्म 4, 30 जूनच्या आत. यात वर्ष जानेवारी ते डिसेंबर धरतात, एप्रिल ते मार्च नव्हे; लेखापालाकडे दिलेल्या फायली दरवर्षी इथेच चुकतात. नोंदी पाच वर्षे ठेवायच्या.

घरी जाणाऱ्या मधुमेही रुग्णांना आम्ही डिस्चार्जच्या कागदाबरोबर एक ओळ देतो: इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा, झाकण घट्ट लावा आणि निगमच्या गाडीतल्या घरगुती घातक कचऱ्याच्या वेगळ्या डब्यात द्या, ओल्या किंवा सुक्यात नको. बाटली पारदर्शक असेल तर बरे, घेणाऱ्याला आत काय आहे ते दिसते.