गडग्यातला चिरा

मालवणात मामा वरेरकर नाट्यगृह आहे, पण आमच्या वाडीचं मालवणी नाटक माघी गणेश जयंतीला देवळासमोरच्या मांडवातच होतं. प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू, माझ्याकडे. दशावतारवाल्यांचा मला हेवा वाटतो. एकाच बाकड्यावर त्यांचं सिंहासन, पलंग, रथ सगळं भागतं. आमची यादी दोन पानी. कंदील, पानाचा डबा, कोर्टाची नोटीस, दारू म्हणून कोरा चहा.

विंगेतल्या टेबलावर मी खडूने चौकोन आखतो. कुठली वस्तू आत गेली, कुठली राहिली, काळोखातही कळतं. आणि माझा एक हट्ट आहे. रिकामी बॅग शेवटच्या रांगेतल्या पोरालाही ओळखू येते, कारण नटाचा खांदा झुकत नाही. म्हणून घर विकायला आलेल्या चाकरमान्याच्या बॅगेत मी जांभ्या चिऱ्याचा सात-आठ किलोचा तुकडा घातला होता. वाटेवरच्या गडग्यातून, म्हणजे दगडी कुंपणातून, काढलेला. दुसऱ्या अंकात आई बॅग उघडते, तेव्हा मध्यंतरात चिरा काढून साडी ठेवायची.

त्या रात्री बक्षिसं पुकारणारा ऐनवेळी गायब झाला आणि माईक माझ्या हातात आला. "आवशीच्या भूमिकेला एकशे एक रुपये..." संपेचना. घंटा झाली, पडदा सरकला, मी विंगेत आलो. साडी तिच्या चौकोनात घडी घालून तशीच!

आईचं काम करणाऱ्या काकीने बॅग उघडली. क्षणभर थांबली. मग दोन्ही हातांनी चिरा उचलून मांडीवर घेतला आणि म्हणाली, "घर विकूक इलंस झिला, मगे हो चिरो कित्याक जपून ठेवलंस?"

मांडव चिडीचूप. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी गणपतीला हात जोडले, तोच आमच्या चाकरमान्याने पाठ केलेलं वाक्य फेकलं, "आवाडली मां गे आये? दादरसून आणलंय."

पुढची पाच मिनिटं नाटक बंदच होतं म्हणा ना. हसून हसून कंदील घेऊन येणारा नोकरही विंगेत परत पळाला.

सकाळी शेजारचे आबा दारात. "नाटक बरा झाला. पण तो चिरो माझ्या गडग्याचो."

चिरा खांद्यावर घेऊन गेलो, होता त्या भोकात बसवायला लागलो. आबा काठी टेकून बघत होते.

"थंय न्हय," ते हळूच म्हणाले, "चार बोटां भायर सरकव."