‘डार्क’चा शेवट: जेवणाच्या टेबलावर कोण उरतं आणि का

ठाण्याच्या तलावपाळीवर संध्याकाळी ‘डार्क’ या काळप्रवासावरच्या जर्मन मालिकेचा विषय निघाला की दोन पक्ष हमखास पडतात. एक म्हणतो, शेवटी सगळं पुसूनच टाकायचं होतं तर 26 भाग आम्हाला कशाला राबवलं? दुसरा म्हणतो, कळलं काहीच नाही, पण भारी होतं. दोघांनीही वंशावळ कागदावर उतरवलेली नसते. ती उतरवली की अर्ध्याहून जास्त प्रश्न आपोआप सुटतात. (तिन्ही सीझन पाहिले नसतील तर इथेच थांबा. पुढे सगळं फोडलं आहे.)

ए-थ्री आकाराचा कागद आडवा धरा, एक पेन्सिल आणि एक लाल पेन घ्या. वहीचं पान पुरत नाही, चार घराण्यांची नाती एकमेकांवर चढतात. सुरुवात नायक योनासपासून करू नका, तिथेच बहुतेकांचं गणित फसतं. ओठावर व्रण असलेल्या त्या बिननावाच्या माणसापासून करा. मालिकेत दोन समांतर जगं आहेत; तो एका जगातला योनास आणि दुसऱ्या जगातली मार्था यांचा मुलगा. त्याचा आणि आग्नेसचा मुलगा ट्रोंट, ट्रोंटचा उलरिख, उलरिखची मुलं माग्नुस, मार्था आणि मिकेल. मिकेल 1986 मध्ये जाऊन पोचतो, मिखाएल म्हणून मोठा होतो आणि योनासचा बाप होतो. म्हणजे योनास स्वतःचाच पूर्वज.

आता प्रत्येक नावाला एकच प्रश्न विचारायचा: हा माणूस जन्माला यायला कुणाला तरी काळ ओलांडावा लागला का? उत्तर ‘हो’ आलं की लाल पेन, कारण शेवटी काळप्रवासच पुसला जातो आणि त्याच्यासोबत ही माणसंही. ट्रोंटखालचे सगळे नील्सन लाल. शार्लोट आणि एलिझाबेथ लाल, कारण त्या एकमेकींच्या आई आणि लेकी आहेत. फ्रान्सिस्काही त्यांच्यामागोमाग. हाना भूतकाळात गेल्यावर तिला एगोनपासून झालेली सिल्या लाल, सिल्या आणि बार्टोशची मुलं नोआ आणि आग्नेसही लाल. पेन्सिलीतली जी माणसं उरतात, त्यांच्यातलीच सहा शेवटच्या जेवणाला बसलेली आहेत: हाना, काटारिना, पेटर, बेनी, रेगिना आणि वोलर.

इथे हटकून होणारी चूक रेगिनाची. ती ट्रोंटची मुलगी असावी असा संशय मालिका बराच काळ जिवंत ठेवते. तसं असतं तर ती त्या टेबलावर असूच शकली नसती. तिसऱ्या सीझनमध्ये उलगडतं की तिचा बाप बेर्न्ड डॉप्लर आहे. हा धागा निसटला की रेगिनाला वाचवायला तिची आई क्लाउडिया इतकी वर्षं का झटली, तेही नीट कळत नाही.

बार्टोशचं प्रकरण वेगळं, आणि माझ्या मते सगळ्यात सुबक. त्याचे आईबाप, रेगिना आणि आलेक्सांडर, दोघेही पेन्सिलीत आहेत. मग तो शेवटी का नाही? 1986 मध्ये उलरिख आणि काटारिना रेगिनाला छळत असतात, तेव्हा आलेक्सांडर तिथे येऊन तिला सोडवतो. त्यांची ओळख तिथून. उलरिखच नसेल तर तो प्रसंग नाही, ओळख नाही, मूलही नाही. आलेक्सांडर कुठेतरी आपल्या खऱ्या नावाने जगत असेल, फक्त विंडनमध्ये, म्हणजे मालिकेतल्या गावात, रेगिनाचा नवरा म्हणून नाही.

पुढचा नेहमीचा प्रश्न: योनासला तर गोळी लागून तो मेला, मग योनासचंच म्हातारपण असलेला अ‍ॅडम कोण? ठाण्याहून सुटणारी ट्रान्स-हार्बर लोकल तुर्भ्यापुढे एक तर सानपाडा-वाशीकडे वळते, नाहीतर जुईनगर-नेरुळकडे. एकच गाडी दोन्हीकडे गेली असं धरा. प्रलयाच्या क्षणी काळ निमिषभर थांबतो आणि कार्यकारणाची साखळी तेवढ्यापुरती सुटते. एका फाट्यावर दुसऱ्या जगातली मार्था येऊन योनासला घेऊन जाते, तोच पुढे मारला जातो. दुसऱ्या फाट्यावर कुणी येत नाही, तो तळघरात लपून वाचतो आणि त्याचाच अ‍ॅडम होतो. तिसऱ्या सीझनमधला हा प्रसंग फोन बाजूला ठेवून पुन्हा पाहा. बार्टोश मार्थाला अडवतो आणि अडवत नाही, हे दोन्ही तिथे दाखवलं आहे.

मालिकेत काळाच्या उड्या 33 वर्षांच्या असतात, तो हिशेब मात्र हवेतला नाही. 33 सौर वर्षांचे सुमारे 12,053 दिवस होतात आणि 34 चांद्र वर्षांचे सुमारे 12,048. मोहरम साधारण तेवढ्याच काळात सगळे ऋतू फिरून जागेवर येतो. आपण अधिक महिना घालून हे अंतर मध्येच भरून काढतो, म्हणून ते आपल्या अंगवळणी नाही.

आता खरोखर लोंबकळत राहिलेला प्रश्न. या दोन जगांच्या आधीच्या मूळ जगात घड्याळजी टानहाउसचा मुलगा, सून आणि नात 1971 मध्ये अपघातात जातात. त्यांना परत आणायला तो यंत्र बांधतो आणि 1986 मध्ये ते सुरू करताच त्या जगाची दोन जगं होतात. योनास आणि मार्था मूळ जगात शिरून अपघात टाळतात. यंत्र बनत नाही, दोन्ही जगं नाहीशी होतात आणि ही दोघंही. पण ती कधी नव्हतीच तर गाडी कुणी अडवली? मालिका याचं उत्तर देत नाही. थांबलेल्या क्षणाची पळवाट इथेही लागू आहे असं म्हणता येतं, कारण क्लाउडियाची सगळी योजना त्या पळवाटेवरच उभी आहे. पण तो आपण लावलेला अर्थ झाला, दाखवलेला नाही. ‘सगळं समजावलं’ म्हणणारे व्हिडिओ ही सीमा बिनधास्त पुसतात.

हानाला पिवळा रेनकोट पाहून काहीतरी आठवल्यासारखं होतं आणि होणाऱ्या बाळासाठी ती योनास हे नाव सुचवते. त्यावरून योनास परत आला असं धरायचं कारण नाही. त्या जगात मिखाएल नाही, हे बाळ वोलरचं आहे.

राहिला वोलरच्या डोळ्याला काय झालं हा प्रश्न. तो सांगायला तोंड उघडतो आणि दिवे जातात. त्याचं उत्तर वंशावळीत शोधू नका, ती निव्वळ चेष्टा आहे.