शेवटची शाळा कोणती?

आमच्या स्वयंपाकाच्या ताईंचा दहावीचा फॉर्म भरायला घेतला तेव्हा हा प्रश्न मी त्यांना पहिल्याच दिवशी विचारला असता, तर आमचा अख्खा जुलै आणि निम्मा ऑगस्ट वाचला असता. चौतीस वर्षं विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासण्यात गेली आणि एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही, याचा राग अजून गेलेला नाही. थोडा स्वतःवर आहे, बराचसा एका शाळेच्या खिडकीवर.

निवृत्त झाल्यावर दुपारी दोन ते चार माझ्या हॉलमध्ये पाच जणांना दहावीसाठी शिकवायला लागले. तिघी घरकाम करणाऱ्या, एक पाळणाघरात काम करणारी आणि आमचे रात्रपाळीचे वॉचमन दादा. ते झोप मोडून यायचे. बाहेरून दहावी म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म. तो आता ऑनलाइन भरतात. किमान पाचवी पास असावं लागतं, वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात. जवळची एखादी शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडायची आणि फॉर्मची छापील प्रत, शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार, फोटो तिथे नेऊन द्यायचे. चौघांचं हे सगळं एका आठवड्यात उरकलं.

पाचव्या म्हणजे आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई. माहेर माण तालुक्यातलं, सातवी पास, लग्नानंतर पुण्यात. दाखला कुठाय विचारलं तर म्हणाल्या, "गावच्या शाळेतच आसंल की काकू, मी काय बरोबर आणलाय?"

मी लगेच अर्ज लिहिला, जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांच्या नावे, अगदी व्यवस्थित. ताईंच्या भावाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. त्याने प्रिंट काढली, शाळेत दिली. आठ दिवसांनी फोन आला, "गुरुजी म्हणत्यात, ह्या नावाची पोरगी आपल्या शाळंत नव्हतीच."

नव्हतीच कशी? तर मी अर्ज आधार कार्डावरच्या नावाने लिहिला होता. ताईंचं माहेरचं नाव आणि त्यांच्या सासूबाईंचं नाव एकच निघालं, म्हणून लग्नात त्यांचं नाव बदललं. आडनाव तर बदलणारच होतं, पण इथे पहिलं नावसुद्धा गेलं. सात वर्षं माझ्या घरी स्वयंपाक करत होत्या, पण त्यांचं जन्माचं नाव मला माहीत नव्हतं. भावाने अर्ज वाचला नाही का? वाचला. "तुमी लिहिलंय म्हंजे कायतरी नियम आसंल," म्हणाला.

दुसरा अर्ज, योग्य नावाने. आता नोंद सापडली, पण गुरुजी म्हणाले, बाईंना समक्ष यावं लागेल. मग आम्ही दोघी निघालो. स्वारगेटहून एसटीने दहिवडी, पुढे वडाप. ताईंचे त्या दिवसाचे चार घरांचे खाडे.

गुरुजी माणूस बरा होता. त्यांनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं. कापडी पुठ्ठा, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण आतली शाई शाबूत. ताईंचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख १ जून १९८१. एक जून बघून मला हसू आलं. आपल्याकडे एका पिढीतली निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली असतात, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींना तीच तारीख सोयीची. आधारवर मात्र १ जानेवारी १९७९, कारण तिथे त्यांनी नुसतं अंदाजे वय सांगितलं होतं. म्हणजे एकाच बाईची दोन नावं आणि दोन वाढदिवस. शेवटच्या रकान्यावर गुरुजींनी बोट ठेवलं. तिथे लाल शाईत लिहिलं होतं, "दाखला दिला, जून १९९४." आणि शेजारी जांभळा पडलेला अंगठा.

"बाबांचा," ताई म्हणाल्या आणि थोडा वेळ तिथेच बघत राहिल्या.

मूळ दाखला तीस वर्षांपूर्वीच बाहेर पडला होता. आता दुय्यम प्रत देता येईल, त्यासाठी मूळ दाखला हरवल्याचं प्रतिज्ञापत्र करून आणा, असं गुरुजी म्हणाले. मी मनातल्या मनात पुढच्या फेरीचा हिशोब करत होते, तेवढ्यात ते सहज विचारते झाले, "पण बाई, वडिलांनी दाखला नेला कशाला?"

"हायस्कूलला घालायला."

मी वळून बघितलं. "तुम्ही हायस्कूलला गेला होतात?"

"दोन म्हयनं गेले असंल. मग पाऊस झाला, आई आजारी पडली, बंद केलं. ती काय शाळा म्हणायची का?"

म्हणायची! आठवीत प्रवेश घेताना आधीच्या शाळेचा दाखला नव्या शाळेत जमा होतो. तिथे दोनच महिने बसलात तरी तीच तुमची शेवटची शाळा. सतरा नंबरला दाखला लागतो तो तिचा. जिल्हा परिषद शाळेची दुय्यम प्रत काढली असती, तर ती चुकीच्या शाळेची ठरली असती आणि प्रतिज्ञापत्रात "हरवला" असं खोटं लिहिलेलं असतं ते वेगळंच. म्हणून तुम्ही कुणाला मदत करणार असाल, तर "कितवी शिकलात?" असं विचारू नका. "शेवटचं कुठल्या शाळेच्या बाकावर बसलात, एक दिवस का असेना?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला लोक पास झाल्याची इयत्ता सांगतात, सोडल्याची नाही.

हायस्कूल पाच किलोमीटरवर. गेलो तर क्लार्क रजेवर. आठवड्याने भाऊ गेला तेव्हा दाखला वीस मिनिटांत मिळाला. "इयत्ता आठवीत शिकत होती." मला वाटलं, सुटलो.

खरी गाठ पुढेच होती. संपर्क केंद्राच्या खिडकीवरच्या गृहस्थांनी दाखला एका हातात आणि आधार दुसऱ्या हातात धरलं, आणि दोन्ही माझ्याकडे सरकवलं. "ही दोन माणसं आहेत."

"एकच आहे, ही समोर उभी आहे."

"कागदावर दोन आहेत. राजपत्र आणा."

राजपत्रात नावबदल छापून यायला वेळ लागतो आणि फॉर्मच्या मुदतीला नऊ दिवस उरले होते. लग्नाची नोंदणी? केलेली नव्हती. मी विचारलं, राजपत्र लागतं असं कुठे लिहिलंय? ते म्हणाले, लिहिलेलं नसतं, अनुभव असतो. दुसऱ्या दिवशी गेले तर जेवणाची सुट्टी. तिसऱ्या दिवशी "साहेब मीटिंगला". चौथ्या दिवशी ते म्हणाले, मग दाखल्यावरचंच नाव बदलून आणा. इथे मात्र माझा आवाज चढला. शाळा सोडलेल्या विद्यार्थ्याच्या नोंदीत शाळा आपल्या मनाने नाव बदलू शकत नाही, त्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत जावं लागतं, आणि इथे तर मुळात काही चुकलेलंच नव्हतं. ताईंनी मागून माझी ओढणी ओढली. "काकू, ऱ्हाऊ द्या. पुढच्या वर्षी बघू."

हे "पुढच्या वर्षी" ऐकलं की माझं डोकं फिरतं. त्या रात्री मी रागाच्या भरात राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएस या वेगळ्या बोर्डाची सगळी माहिती वाचून काढली. हे आधी वाचायला हवं होतं. तिथे दाखला नसला तरी "मी दहावीचा अभ्यास करण्याइतकी शिकले आहे" असं स्वयंघोषणापत्र चालतं. पाच विषय, गणित घेतलंच पाहिजे असं नाही, पास व्हायला ३३ टक्के, परीक्षा वर्षातून दोनदा आणि पाच वर्षांत नऊ संधी. मराठी माध्यमही आहे. ज्यांचा दाखला खरोखर सापडतच नाही, त्यांनी आमच्यासारखी फरफट न करता सरळ तिकडे जावं. मी ताईंना सकाळी सांगितलं. कणीक मळता मळता त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझी पोरगी ज्या परीक्षेला बसली, तीच द्यायचीय." विषय संपला.

सुटका झाली ती खिडकीवर नाही, तिच्या शेजारच्या दाराने. पाचव्या दिवशी मी थेट मुख्याध्यापिकांकडे गेले. नोटरीसमोर केलेलं एक पानी प्रतिज्ञापत्र नेलं होतं: माहेरचं नाव हे, लग्नानंतरचं हे, दोन्ही नावांची व्यक्ती मीच. सोबत रेशन कार्ड आणि लग्नपत्रिका. लग्नपत्रिकेवर दोन्हीकडची नावं होती, ती भावाने ट्रंकेतून शोधून कुरियरने पाठवली. बाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं, फॉर्म दाखल्याप्रमाणेच भरलाय ना एवढंच विचारलं आणि सही केली. चार मिनिटं. खिडकीवरच्या गृहस्थांनी शिक्का मारला तेव्हा माझ्याकडे बघितलंही नाही. पुढे विलंब शुल्कासह मुदत वाढली ते सोडा, तेव्हा आम्हाला ते थोडंच माहीत होतं?

फॉर्म दाखल्यावरच्या नावानेच भरा, गुणपत्रिकेवर तेच नाव येतं. आधारवरचं नाव टाकून काम लवकर होईल असं नेटकॅफेवाला सांगतो, त्याचं ऐकू नका. फॉर्म भरताना दिलेला मोबाइल नंबर विद्यार्थ्याचाच असू द्या. वॉचमन दादांनी मेव्हण्याचा दिला, आणि मेव्हणा गेला दुबईला.

अभ्यासाचं म्हणाल तर मला वाटलं होतं गणित अडेल. अडला हात. मोठ्या माणसाला सलग तीन तास लिहिता येत नाही. ताईंची बोटं अर्ध्या तासात आखडायची. आम्ही सप्टेंबरपासून रोज एक पान शुद्धलेखन आणि रविवारी घड्याळ लावून पेपर असं धरलं. गणितात अर्थनियोजनाचा धडा त्यांनी माझ्यापेक्षा लवकर पचवला, किराणा बिलावरचा जीएसटी कधीपासूनच त्यांच्या डोळ्यात सलत होता. अंकगणिती श्रेढी भिशीवरून शिकवली. पण उत्तर तोंडी येतं आणि मांडणी येत नाही, हे शेवटपर्यंत राहिलं. "उत्तर बरोबर हाय ना, मग वर काय लिहायचं?" पायऱ्यांना गुण असतात हे पटवायला एक महिना गेला. भूमितीचं प्रमेय मात्र पाठच केलं, उगाच कशाला खोटं बोला. पुस्तकं बालभारतीच्या साइटवरून फुकट उतरवता येतात. आणि हो, तोंडी आणि प्रात्यक्षिकाचे वीस-वीस गुण संपर्क केंद्राच्या शाळेतच मिळतात. त्याच्या तारखा कुणी घरी येऊन सांगत नाही, फेऱ्या मारून विचारत राहावं लागतं. पास व्हायला शंभरात ३५ लागतात, तेव्हा हे वीस सोडणं म्हणजे वेडेपणा.

मराठीच्या पहिल्या पेपराला मी गेटपर्यंत गेले होते. वर्गात काय झालं ते ताईंनी नंतर सांगितलं. पर्यवेक्षक सह्या घेत फिरत होते. बैठक क्रमांक वाचून त्यांनी नाव पुकारलं. कुणीच बोललं नाही. दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा पुढच्या बाकावरची मुलगी वळून म्हणाली, "मावशी, तुमचंच ना?" तीस वर्षांत त्या नावाने त्यांना कुणी हाक मारली नव्हती. सही करताना पहिलं अक्षर सासरचं पडलं, ते खोडून पुन्हा केली.

चौघं पास झाले. ताईंना गणितात ३८ आणि इंग्रजीत २७. इंग्रजी तेवढी राहिली, ती पुरवणी परीक्षेला. त्याचा फॉर्म पुन्हा त्याच खिडकीवर भरायचा होता. या वेळी त्या एकट्याच गेल्या. मला म्हणाल्या, "तुमी घरीच थांबा काकू, तुमी आल्या की त्यो मानूस बिथरतोय."