तुम्ही विचारलंत म्हणून: ‘कपात तर रद्द झाली ना, मग आता कसली काळजी?’

गणपतीत आरती आणि प्रसाद यांच्या मधल्या दहा मिनिटांत मला हा प्रश्न तिघांनी विचारला. एका काकूंनी मायेनं, आयटीतल्या एका तरुण मुलानं कुतूहलानं, आणि तिसऱ्या गृहस्थांनी अशा सुरात, की त्यांना विचारायचं काहीतरी वेगळंच होतं. "ते अपंगांचं बेनिफिट कापायचं इथल्या सरकारनं मागे घेतलं ना? मग तुम्ही अजून कसल्या काळजीत?" मिरजेहून मामेभावाचा फोन आला की तोही हेच विचारतो. फक्त तो आधी पौंडांना रुपयांनी गुणतो.

तेव्हा माझ्या हातात प्रसादाची बशी होती, दोन्ही हातांनी धरलेली. नुसतं हसले. उत्तर लांबलचक आहे, बशी खाली ठेवूनच देता येईल असं.

मी इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये बावीस वर्षं राहते. एका शाळेच्या ऑफिसात आठवड्यातले चार दिवस काम करते. मला आमवात आहे. वयानुसार गुडघे कुरकुरतात तो नव्हे, रुमॅटॉइड. ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सकाळी उठल्यावर तासदीड तास मूठ वळत नाही. भरलेला कुकर मी कित्येक वर्षांत उचललेला नाही. मोजे चढवायला प्लास्टिकची एक पन्हळ आहे, शॉवरखाली स्टूल आहे, संडासाला उंच बैठक आहे, झाकणं उघडायला विजेवरचं यंत्र आहे. गोल्डन माइल या इथल्या बाजाराच्या रस्त्यावरच्या गुजराती दुकानांत सोललेला लसूण, चिरलेली भेंडी आणि खवलेला नारळ गोठवलेला मिळतो. एके काळी असं काही विकत घेणाऱ्या बायकांना मी मनातल्या मनात आळशी म्हटलेलं आहे. आता फ्रीझर त्यानंच भरलेला असतो, आणि बिल आख्ख्या भाजीपेक्षा बरंच जास्त येतं. बोटं कडक झाली की बस सोडून टॅक्सी. हीटिंग इतरांच्या घरी बंद होतं तेव्हा आमच्याकडे चालू.

हे जे वरचे खर्च आहेत त्यांच्यासाठी इथे पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट नावाचा भत्ता आहे. सगळे त्याला पिप म्हणतात. २०१३ पासून तो जुन्या डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्सच्या जागी आला. आता त्या तिसऱ्या गृहस्थांसाठी: हा भत्ता बेकारीचा नाही. तुम्ही नोकरी करता की नाही, पगार किती, हे त्यात विचारतच नाहीत. अपंगत्वामुळे जगणं महाग पडतं, त्या महागाईतला थोडा वाटा सरकार उचलतं, इतकंच. माझी नोकरी टिकली आहे ती बरीचशी त्या टॅक्सीमुळे. आणि आयटीतल्या मुलासाठी: हो, व्हिसावर असताना तुला यातलं काही मिळत नाही, टॅक्स भरत असलास तरी. मलाही तेव्हा मिळत नव्हतं. तुझा राग मला समजतो, फक्त तो माझ्या दिशेला नको.

आता पॉइंटांची गंमत सांगते, कारण सगळी भीती तिथेच दडलेली आहे.

रोजच्या जगण्याची दहा कामं ठरवलेली आहेत. स्वयंपाक, खाणं, औषधं, अंघोळ, संडास, कपडे, बोलणं, वाचणं, माणसांत मिसळणं, पैशांचा हिशेब. प्रत्येकात तुम्हाला किती अडतं यावरून पॉइंट. एकूण ८ झाले तर साधा दर, १२ झाले तर वरचा. साधा दर २०२५-२६ साली आठवड्याला ७३.९० पौंड होता. चालण्या-फिरण्याचा भाग वेगळा, तो मला नाही.

माझ्या पत्रात असं लिहिलं आहे: स्वयंपाक २, अंघोळ २, संडास २, कपडे २. बेरीज ८. काठावर पास.

१८ मार्च २०२५ ला लिझ केंडल यांनी संसदेत नवा प्रस्ताव मांडला. त्या तेव्हा पिप ज्याच्याकडे आहे त्या काम आणि पेन्शन खात्याच्या मंत्री होत्या, आणि खासदार आमच्याच शहरातल्या, लेस्टर वेस्टच्या. बेरीज ८ असून आता भागणार नाही. कुठल्या तरी एका कामात किमान ४ पॉइंट हवेत. नोव्हेंबर २०२६ पासून. सगळे बदल मिळून २०२९-३० पर्यंत वर्षाला सुमारे ५ अब्ज पौंड वाचतील, असा हिशेब होता.

त्या संध्याकाळी या देशातल्या किती घरांत लोकांनी कपाटातून जुनं पत्र काढलं असेल! मीही काढलं. दोन, दोन, दोन, दोन. चष्मा पुसून पुन्हा वाचलं, जणू मधल्या काळात एखादा दोन वाढून चार झाला असेल. एकाच कामात पूर्ण अडलेल्या माणसाला पैसे मिळणार, आणि चार कामांत अर्धं-अर्धं अडलेल्याला शून्य. वर्षाला ३,८०० पौंडांच्या वरची रक्कम. मामेभावानं लगेच गुणाकार करून सांगितला. मी त्याला म्हटलं, आता लेस्टरच्या टॅक्सीचं भाडंही गुण.

तक्त्यातला एक बारकावा मला अजून सुटत नाही. कमरेखालचं अंग धुवायला दुसऱ्याची मदत लागत असेल तर २ पॉइंट. कमरेपासून खांद्यापर्यंतचं धुवायला लागत असेल तर ४. कपड्यांचंही तसंच: खालचे कपडे चढवायला मदत लागली तर २, वरचे चढवायला लागली तर ४. मी पुढून चेनचं जॅकेट आणि इलॅस्टिकची पँट घालते, तेही अवजारांच्या मदतीनं एकटीच. पण साडी नेसायची म्हटलं की ब्लाउजची हुकं माझ्यानं लागत नाहीत, ती नवरा लावतो. म्हणजे माझ्या मनातल्या हिशेबानं पँटमध्ये मी २ पॉइंटांची आणि साडीत ४ पॉइंटांची. पण नियम म्हणतो की अडचण निम्म्याहून जास्त दिवस हवी. साडी मी नेसते गणपतीला, दिवाळीला आणि कुणाच्या मुंजीला. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग रोज नेस की!" आम्ही दोघी खूप हसलो, आणि फोन ठेवल्यावर मी थोडा वेळ खरोखरच विचार करत बसले होते.

बरं, हे ८ पॉइंटसुद्धा कुणी ताटात वाढले नव्हते. तीसहून अधिक पानांचा फॉर्म असतो. पेन धरता येत नाही हे पेन धरून लिहायचं. त्यात आपण मराठी माणसं, "कशी आहेस?" म्हटलं की "मजेत" हे तोंडातून आधीच बाहेर पडतं. लहानपणापासून शिकवलेलं असतं, रडगाणं गायचं नाही. इथे तर रडगाण्याचीच परीक्षा, आणि तीही तालासुरात. तपासणीला मी लिपस्टिक लावून, नीट केस विंचरून गेले. विचारलं तेव्हा "जमतं हळूहळू" म्हणाले. अहवालात आलं: नीटनेटक्या, संवाद चांगला, पर्स स्वतः उचलली. पॉइंट ४. फेरविचाराचा अर्ज केला, उत्तर तेच. मग अपील. ट्रायब्युनलमध्ये तिघं बसतात: एक न्यायाधीश, एक डॉक्टर, आणि अपंगत्वाची जाण असलेली तिसरी व्यक्ती. त्या डॉक्टरीणबाईंनी एकच प्रश्न असा विचारला जो आधी कुणी विचारला नव्हता: "हळूहळू म्हणजे किती?"

कारण कायद्यात तेही आहे. काम नुसतं जमून चालत नाही. ते सुरक्षितपणे, बऱ्यापैकी नीट, लागेल तेव्हा पुन्हा, आणि वाजवी वेळात जमलं पाहिजे. निरोगी माणसाला जास्तीत जास्त जेवढा वेळ लागेल त्याच्या दुपटीहून अधिक लागला, तर ते जमत नाही असं धरायचं. मी त्यांना सांगितलं की अंघोळ करून कपडे घालेपर्यंत माझा सव्वा तास जातो. चाळीस मिनिटांत सुनावणी संपली आणि चाराचे आठ झाले. फॉर्म भरल्यापासून तोवर चौदा महिने गेले होते.

म्हणून तो चार पॉइंटांचा नियम ऐकला तेव्हा पैशांइतकीच वाटली ती दमणूक. पुन्हा सगळं पहिल्यापासून.

सरकारच्याच अंदाजात होतं की आधीपासून पिप मिळणारे ३ लाख ७० हजार लोक फेरतपासणीत बाद होतील, वर्षाला सरासरी ४,५०० पौंडांना मुकतील, आणि सगळे बदल धरून अडीच लाख जास्त माणसं गरिबीत जातील, त्यात ५० हजार मुलं. शिवाय पिपला दुसरी चाकं जोडलेली आहेत. घरात आजाऱ्याची आठवड्याला ३५ तास सेवा करणाऱ्याला जो केअरर्स अलाउन्स मिळतो, तो मिळण्याचा दरवाजा बहुधा पिपच असतो. एकाचं गेलं की दोघांचं जातं. आमच्या रस्त्यावर एक गुजराती बा आहेत, मुलाची नोकरी सुटली ती त्यांना सांभाळण्यासाठीच. त्यांना हा नियम मीच समजावून सांगितला. नसता सांगितला तर बरं झालं असतं; त्या महिनाभर टपालाच्या पाकिटांना घाबरत होत्या. इथे या खात्याची पत्रं तपकिरी पाकिटातून येतात. दाराच्या फटीतून ते पाकीट पायपुसण्यावर पडल्याचा आवाज ज्यांना वेगळा ओळखता येतो, ते सगळे माझ्या नात्यातले.

जनतेकडून सूचना मागवल्या होत्या, पण चार पॉइंटांच्या नियमावर मत विचारलंच नव्हतं. सूचनांची मुदत ३० जूनला संपली आणि विधेयकावर मतदान १ जुलैला. तोवर सत्ताधारी मजूर पक्षातच भडका उडाला होता. पक्षाच्या व्हिप व्हिकी फॉक्सक्रॉफ्ट यांनी राजीनामा दिला, १२० हून अधिक खासदारांनी विरोधाच्या ठरावावर सह्या केल्या. आधी सरकार म्हणालं, नियम फक्त नव्या अर्जदारांना लावू. म्हणजे माझा आमवात जुना म्हणून ग्राह्य, आणि पुढच्या वर्षी जिला होईल तिचा नाही. मला त्या सुटकेची लाज वाटली, आणि तरी सुटका वाटली. दोन्ही खरं आहे.

१ जुलैला लेस्टरमध्ये भट्टीसारखं ऊन होतं. पडदे ओढून टीव्हीसमोर बसले होते. मतदानाला दीडेक तास उरला असताना मंत्री स्टीफन टिम्स उठले आणि ते कलमच काढून टाकत असल्याचं सांगितलं. उरलेलं विधेयक ३३५ विरुद्ध २६० मतांनी पुढे गेलं.

तर हो, काकू, रद्द झालं. पण सगळं नाही. युनिव्हर्सल क्रेडिट हा कमी उत्पन्नाच्या लोकांचा वेगळा भत्ता, त्यातला आजारपणाचा जो जादा भाग होता, आठवड्याला सुमारे ९७ पौंड, तो एप्रिल २०२६ पासूनच्या बहुतेक नव्या अर्जदारांना ५० पौंड. बातम्यांनी ‘सरकारची माघार’ असा मथळा दिला आणि ही ओळ खाली राहिली. आणि पिपचं काय करायचं ते टिम्स यांच्या आढाव्यावर सोपवलं, ज्यात अपंग लोकांनाही सामील करून घेण्याचं आश्वासन आहे आणि ज्याचा निकाल २०२६ च्या शरद ऋतूत यायचा ठरला. आढावा चांगलाही निघू शकतो. त्या डॉक्टरीणबाईंसारखी माणसं त्यात असतील तर तक्ता आजच्यापेक्षा शहाणा होईल. पण फूटपट्टी पुन्हा कारखान्यात गेली आहे, आणि ती लागणार माझ्याच बोटांना. माझी पुढची फेरतपासणी २०२७ मध्ये आहे.

मामेभावाला पोलिओ आहे. त्याला संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळायचे, २०२५ मध्ये अपंगांसाठी २,५०० झाले. तो म्हणतो, "ताई, तुमचं आठवड्याचं आमच्या तिमाहीपेक्षा जास्त." बरोबर आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि शोधायचंही नाही. फक्त एकदा तो म्हणाला की त्याच्याकडे अपंगत्वाच्या टक्क्यांचा कायमचा दाखला आहे, पाय पुन्हा उगवतो का हे बघायला कुणी येत नाही. त्या बाबतीत मला त्याचा हेवा वाटतो.

आता गणपतीतलीच गोष्ट. सकाळी मोदकांना सगळ्या बायका जमल्या होत्या. मी नारळ-गूळ ढवळायचं काम घेतलं होतं, पण उकड बघून राहवेना. एक गोळी घेतली, पारी केली, कळ्या काढायला लागले. बाजूच्या मैत्रिणीचे तोवर आठ मोदक झाले. माझा एक झाला, तो मी तळहातावर ठेवला, आणि तिनं चटकन फोटो काढला. "काय गोड हसतेस गं! टाकते फेसबुकवर."

मी म्हटलं, नको. इतक्या पटकन, की ती दचकली. खरं तर फेसबुकवरचा मोदक बघायला त्या खात्यातलं कोण बसलंय, हे मलाही कळतं. पण फोटोत वेळ दिसत नाही. एका मोदकाला लागलेली वीस मिनिटं दिसत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी चहाचा कप नवऱ्याला धरावा लागला तेही दिसत नाही. दिसते ती एक हसरी बाई, जिच्या बोटांनी कळ्या काढल्यात. माझ्याविरुद्धचा पुरावा मी स्वतःच उकडीचा वळला होता.

मैत्रीण समजूतदार. तिनं नुसत्या ताटाचा दुसरा फोटो काढला, तो मंडळाच्या पानावर आहे. एकवीस मोदक, हात कुणाचेच नाहीत. त्यातला माझा कुठला ते ओळखू येत नाही असं ती म्हणते. मला येतो. त्याला पाचच कळ्या आहेत.