आईची मूठ २८ ग्रॅमची, माझी २१

टाइप वन डायबेटिस होऊन मला सात वर्षं झाली, पण इन्सुलिन कसं घ्यायचं हे कळलं गेल्या वर्षी, इंग्लंडात लेस्टरला आल्यावर. पुण्यात आधी वय बघून टाइप टू समजले आणि तीन महिने गोळ्यांवर ठेवलं, मी वाळून काडी झाले, मग कुठे इन्सुलिन, तेही ठरलेलं. सकाळी इतके युनिट, रात्री इतके, आणि जेवण त्यात बसवायचं. भात अर्धी वाटी, आंबा नाही, विषय संपला.

इथल्या क्लिनिकमधल्या नर्सने माझं नाव डॅफ्ने नावाच्या कोर्सला घातलं, म्हणजे डोस अ‍ॅडजस्टमेंट फॉर नॉर्मल ईटिंग. काय खाणार ते आधी ठरवायचं, मग इन्सुलिन. पद्धत मूळची जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फची, इथला ट्रायल २००२ मध्ये छापून आला. मी केला तो रिमोट कोर्स, पाच आठवड्यांचा, आपलं आपण ऑनलाइन वाचायचं आणि आठवड्यातून एकदा ग्रुपचा व्हिडिओ कॉल. एनएचएसमुळे, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेमुळे फुकट, हे सांगितल्यावर पुण्यातल्या मैत्रिणी गप्पच झाल्या.

१० ग्रॅम कार्ब म्हणजे एक सीपी, कार्ब पोर्शन, आणि एका सीपीला किती युनिट हा ज्याचा त्याचा रेशो, त्याने इन्सुलिन. ऐकायला सोपं. पण उदाहरणं सगळी टोस्ट, पास्ता, जॅकेट पोटॅटोची आणि माझ्या घरात पोळ्या! डाएटिशियन म्हणाली सुकी कणीक मोज, भाजलेली पोळी नको, पाण्याने वजन फसवतं. मग ३०० ग्रॅम कणीक घेतली, कार्ब साधारण २००, गोळे केले बरोबर दहा, एकेक काट्यावर ठेवून, मोठा असेल तर चिमटीने थोडं काढून दुसऱ्याला लावायचं, काट्याची बटणं पिठाने बरबटलेली, नवरा दारात उभा राहून हसतोय. पण पोळीला दोन सीपी हा हिशोब पक्का झाला तो झालाच.

सगळ्यात जास्त उपयोग हायपोच्या, म्हणजे शुगर फार खाली जाण्याच्या धड्याचा झाला असं मी म्हणेन. आधी रात्री शुगर इथल्या मापात ३.२, म्हणजे फार कमी, दिसली की मी घाबरून बिस्किटं, दूध, केळं, जे हाताला लागेल ते खायचे आणि पहाटे १६, म्हणजे फार जास्त. मग चिडून इन्सुलिन, तासाभराने परत इन्सुलिन, कारण सेन्सरवर खाली येतच नाहीये, आणि दुपारी पुन्हा धाडकन खाली. पहिला डोस चारेक तास आत काम करत असतो, त्यावर दुसरा चढवला की दोन्ही मिळून पाडतात, हे सात वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी रडत असेन. आता ग्लुकोजच्या पाच गोळ्या, म्हणजे २० ग्रॅम, आणि १५ मिनिटं हात बांधून बसायचं. ती १५ मिनिटं फार वाईट जातात हो.

बेसल, म्हणजे जेवणाशिवायचं पायाचं इन्सुलिन, बरोबर आहे का बघायला रात्री लवकर जेवून मधे उठून शुगर तपासायची होती, ते मी अर्धवट केलं, कॉलवर कबूलही केलं. चौघांनी केलं नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात कांदेपोहे करायला घेतले. आईला व्हिडिओ कॉल लावला, किती घेऊ तर म्हणे माणशी दोन मुठी. मी तिला मूठ काट्यावर ठेवायला लावली, २८ ग्रॅम. माझी भरली २१. म्हणजे तिच्या मापाने चार सीपीच्या वर, माझ्या मापाने तीन, आणि इतकी वर्षं मी दोन्ही घरी तेवढंच इन्सुलिन टोचत होते. त्या दिवशी मोजून घेतले, बटाटा धरून. दोन तासांनी आईला शुगर सांगितली, ७.८.

"म्हणजे आपल्याकडचे किती?"

अठराने गुणलं, १४०.

"बघ, माझी सकाळी उपाशीपोटी १६० होती," आई म्हणाली, "तो काटा कुठे मिळतो गं?"